आधी हात तपासा, मग रात्रपाळी द्या

प्रति,
वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि अभ्यासक्रम समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियागृहातले काम सांभाळून बरीच वर्षे विद्यार्थ्यांना, इंटर्नना आणि नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांना पुनरुज्जीवन, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले सीपीआर, शिकवते आहे. आपल्याकडे माझी एकच मागणी आहे. ज्या तरुण डॉक्टरचे छाती दाबण्याचे आणि बॅगने श्वास देण्याचे काम कुणी समोर उभे राहून मोजलेले नाही, त्याच्यावर वॉर्डची रात्रपाळी सोपवू नका. आणि एकदा मोजले की प्रमाणपत्र देऊन मोकळे होऊ नका. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

मागणी साधी दिसते. पण ती अमलात आणायची तर वेळापत्रक, परीक्षा आणि जबाबदारीची वाटणी या तिन्हींत बदल करावे लागतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वॉर्डात कुणाचे हृदय थांबते तेव्हा पलंगाशी आधी कोण पोहोचते, हे आपण सगळे जाणतो. सिस्टर असते, आणि तिच्या हाकेला ओ देऊन धावत येतो तो इंटर्न किंवा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. वरिष्ठ त्या वेळी शस्त्रक्रियागृहात असतात, अतिदक्षता विभागात असतात, दुसऱ्या मजल्यावर असतात. त्यांना निरोप जाऊन ते येईपर्यंत काही मिनिटे जातातच. रक्तपुरवठा थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटे पुरतात. हृदयाचे ठोके थांबून त्याची नुसती थरथर होत असेल, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन असेल, तर छातीदाब आणि शॉक यांच्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तज्ज्ञ धापा टाकत दारात येतो तोवर बराचसा निकाल लागून गेलेला असतो. म्हणजे आपण, कुठेही तसे न लिहिता, सगळ्यांत निर्णायक काम सगळ्यांत नवख्या माणसाच्या हाती दिलेले आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. पलंगाच्या सगळ्यांत जवळ कुणीतरी असणारच. पण मग त्या माणसाची तयारी सगळ्यांत पक्की असायला हवी, आणि आज ती तशी नाही.

हे वाचून कुणी 'हल्लीची मुले अभ्यासच करत नाहीत' असे म्हणेल. ते खरे नाही. माझ्यासमोर येणाऱ्या मुलांना आकडे पाठ असतात. एका सत्रात एक मुलगी पुढे आली. हुशार, परीक्षेत वरचा क्रमांक असलेली. मी विचारले, छाती किती दाबायची? पाच ते सहा सेंटिमीटर. मिनिटाला किती वेळा? १०० ते १२०. दाब आणि श्वास यांचे प्रमाण? ३० ला २. एकही उत्तर अडखळत आले नाही. मग तिला सरावाच्या पुतळ्यापाशी बसवले आणि मोजयंत्राचा पडदा तिच्याकडे पाठ करून ठेवला. दोन मिनिटांनी पडदा तिच्याकडे वळवला. खोली सरासरी साडेतीन सेंटिमीटर. वेग १४० च्या वर. आणि दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येतच नव्हती, कारण थकल्यावर ती पुतळ्यावर रेलली होती. ती पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी तर पूर्ण जोर लावून दाबत होते."

लावत होती. फक्त तो जोर कोपरातून येत होता. गुडघे पुतळ्यापासून लांब, खांदे मागे, कोपर वाकलेले, अशा बसणीत कितीही ताकदीचा माणूस दोन मिनिटांत ढेपाळतो. तिला जवळ सरकायला सांगितले, खांदे तळव्यांच्या बरोबर वर आणायला सांगितले, कोपर ताठ, आणि दाब दंडातून न देता कंबरेतून वाकून अंगाच्या भाराने द्यायचा. प्रत्येक दाबानंतर तळवा जागचा न हलवता भार मात्र पूर्ण काढून घ्यायचा. पाव तासात तिचे आकडे हव्या त्या मर्यादेत आले. तिला तो पाव तास आधीच्या सगळ्या वर्षांत कुणी दिला नव्हता. व्याख्यान मिळाले होते, स्लाइड मिळाल्या होत्या, शंभर जणांच्या घोळक्यात एका पुतळ्यावर पाच-सहा दाब देण्याची संधीही मिळाली होती. तिच्या हातांकडे मात्र कुणी पाहिले नव्हते.

एवढ्या बारीकसारीक गोष्टींवर माझा भर का, तर त्यामागे शरीराचा हिशेब आहे. अगदी उत्तम छातीदाब दिला तरी हृदयाच्या नेहमीच्या कामाच्या पाव ते एक तृतीयांश एवढेच रक्त फिरते. त्यात सूट द्यायला जागाच नाही. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त शिरते ते छाती सुटते तेव्हा, म्हणून रेलणे वाईट. वेग फार वाढवला की हृदय भरायला वेळ मिळत नाही आणि खोलीही आपोआप घटते. दाब थांबवला की वाहिन्यांतला दाब झपाट्याने कोसळतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो पहिल्या दाबाला परत येत नाही. बरेच दाब द्यावे लागतात. म्हणून कुठलाही खंड दहा सेकंदांच्या आत हवा. 'जरा थांब, ट्यूब टाकून घेतो' म्हणत श्वासनलिकेत नळी घालण्यात अर्धे मिनिट घालवणारा डॉक्टर वाईट हेतूने तसे करत नाही. त्या अर्ध्या मिनिटाची किंमत त्याला कुणी दाखवलेली नसते.

श्वासाचेही तसेच. घाबरलेले हात बॅग भराभर दाबतात. ट्यूब टाकल्यानंतर मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास, म्हणजे मिनिटाला दहा, एवढेच हवे असते. जास्त श्वास दिले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि चांगल्या भावनेने केलेली मदत नडते. अमेरिकेत मिलवॉकी येथे रुग्णवाहिकेवरच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे निरीक्षण केले तेव्हा ते मिनिटाला सरासरी ३० श्वास देत असल्याचे आढळले. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या एका विद्यापीठ रुग्णालयातल्या ६७ रुग्णांचा अभ्यास आला. पहिल्या पाच मिनिटांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून मोजले, तर ३७ टक्के तुकड्यांत दाब उथळ होता आणि सुमारे ६१ टक्के तुकड्यांत श्वास मिनिटाला २० हून जास्त होते. हे सगळे शिकलेले, रोज हे काम करणारे लोक होते. तेव्हा दोष तरुणांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मोजल्याशिवाय कुणालाच आपले हात कळत नाहीत.

आता वॉर्डात परत येते, कारण माझ्या अनुभवात छातीदाब बिघडण्याच्या आधीच एक मोठी चूक होऊन गेलेली असते. अरेस्ट झाला आहे, म्हणजे हृदय थांबले आहे, हेच ओळखले जात नाही.

पेशंट हाकेला ओ देत नाही. तोंड उघडे आहे, आणि मध्येच एक मोठा, घोरल्यासारखा श्वास येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. आपण त्याला गॅस्पिंग म्हणतो. नवा डॉक्टर ते बघतो आणि मनात म्हणतो, श्वास चालू आहे. तो मॉनिटरकडे वळतो. रक्तदाबाचा आकडा येत नाही, म्हणून पट्टा काढून पुन्हा बांधतो. ऑक्सिजनचा आकडा दिसत नाही, तर बोट बदलून बघतो. छातीवरची लीड, म्हणजे मॉनिटरची वायर, निघाली असेल म्हणून ती चाचपतो. मग मानेवर बोटे ठेवतो, आणि इथे खरी पंचाईत होते: स्वतःच्या बोटांतले ठोकेच त्याला पेशंटचे वाटू लागतात. दुसऱ्या बाजूने बघतो, मग मांडीत बघतो. खोलीत चार माणसे, आणि चौघांचेही डोळे पडद्यावर. त्या पडद्यावर कधी कधी सुरेख, नियमित रेघ चाललेली असते. हृदयाची विद्युत क्रिया चालू आहे पण रक्त पुढे जात नाही, या अवस्थेची व्याख्या त्याने परीक्षेत बिनचूक लिहिलेली असते. पलंगावर ती समोर आल्यावर मात्र त्याला ती ओळखू येत नाही, कारण त्याच्या मनात अरेस्ट म्हणजे सरळ रेघ.

प्रशिक्षित माणसांनासुद्धा दहा सेकंदांत मानेची नाडी खात्रीने सांगता येत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. नियम म्हणूनच सोपा केलेला आहे: प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, आणि दहा सेकंदांत नाडीची खात्री पटत नाही, तर मदतीची हाक मारा आणि दाबायला लागा. पेशंटचे हृदय चालू असताना थोडे दाब दिले गेले तर गंभीर नुकसान क्वचितच होते. बंद असताना दिले नाहीत तर भरून न येणारे नुकसान होते. नव्या डॉक्टरला हे पटवून द्यायला गॅस्पिंगची चित्रफीत दाखवावी लागते, आणि हे चित्र दिसल्यावर मॉनिटरकडे न वळता हात थेट छातीकडे नेण्याचा सराव करून घ्यावा लागतो. तोंडी परीक्षेत 'गॅस्पिंग म्हणजे काय' विचारून तो होत नाही.

या कामाला लागणारी साधने आपल्याकडे फार आधीपासून आहेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून हृदयदाब देण्याची पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यासाठी लागतात ते फक्त दोन हात, असे त्यात लिहिले. त्याच सुमारास सफर आणि एलम या डॉक्टरांच्या कामातून तोंडावाटे श्वास देण्याची पद्धत पक्की झाली, आणि नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुंद लेअरडाल यांनी सरावासाठी पुतळा तयार केला. आरोग्य क्षेत्रातल्या सगळ्यांना हे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस अमेरिकेत १९६६ मध्ये झाली. सहा दशकांत पद्धत पुष्कळ सुधारली. कमी पडतो तो वेळापत्रकातला वेळ.

वेळ द्यायचाच, तर तो कसा, हेही सांगते, कारण इथे आपण सगळे एक समज धरून बसलो आहोत. हे कौशल्य सायकल चालवण्यासारखे आहे, एकदा आले की जन्मभर राहते, असा तो समज. प्रत्यक्षात प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांत ते लक्षणीय घसरते. माहिती त्या मानाने टिकते, हात विसरतात. आणि म्हणूनच फसगत होते: विचारल्यावर उत्तर बरोबर येते, आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. दोन वर्षे चालणारे प्रमाणपत्र आपण भिंतीवर लावतो, तेव्हा त्यातल्या पहिल्या सहा महिन्यांनंतर त्याच्यामागे काय उरले आहे ते कुणी तपासत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये पुनरुज्जीवनाच्या शिक्षणावर सविस्तर निवेदन काढले. दोन दिवसांच्या एकगठ्ठा शिबिराऐवजी थोडा थोडा पण वारंवार सराव, लगेच मिळणारा मोजका अभिप्राय, आणि ठरलेली पातळी गाठेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न, हा त्याचा रोख आहे.

ठरलेली पातळी गाठेपर्यंत, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आपल्या पद्धतीत वेळ ठरलेला असतो आणि निकाल कमीजास्त लागतो. पन्नास टक्के मिळाले की पास. छातीदाबात पन्नास टक्के म्हणजे काय? अडीच सेंटिमीटर? इथे पातळी ठरलेली हवी आणि वेळ कमीजास्त चालेल. कुणी दहा मिनिटांत गाठेल, कुणाला तीन दिवस यावे लागेल. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निवासी डॉक्टरांना अशा पद्धतीने कृत्रिम प्रसंगांवर तयार केले आणि मग त्यांनी खऱ्या अरेस्टमध्ये काय केले ते तपासले. २००८ मधल्या त्या अहवालात या डॉक्टरांनी मार्गदर्शक सूचनांचे पालन ६८ टक्के केले, आणि जुन्या पद्धतीने शिकलेल्यांनी ४४ टक्के. हा फरक पुतळ्यावरचा नव्हता, जिवंत पेशंटच्या पलंगाशी दिसलेला होता.

महाविद्यालयांकडून यावर येणारी उत्तरे मला ठाऊक आहेत. पैसे नाहीत, माणसे नाहीत, वेळ नाही.

पैशांबद्दल आधी. मोजयंत्राचा पुतळा महाग असतो हे खरे, पण तसा एकच पुतळा आळीपाळीने सगळ्यांना पुरतो, कारण तीन महिन्यांतून एकदा एका माणसाला पंधरा मिनिटे लागतात. बाकीचा सराव साध्या पुतळ्यावर होतो. वेगासाठी फोनमधला मेट्रोनोम पुरतो, आणि छाती पूर्ण सुटते आहे का हे शेजारी गुडघे टेकून बसलेला सोबती नीट बघून सांगू शकतो. कित्येक ठिकाणी पुतळे आहेतही. मी पाहिलेल्या एका संस्थेत ते कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली तपासणीच्या दिवशीच बाहेर यायची. मोडतील म्हणून जपून ठेवलेले पुतळे! ते मोडेपर्यंत वापरले जावेत एवढीच माझी इच्छा आहे.

माणसांबद्दल. यासाठी प्राध्यापक लागत नाही. पातळी गाठलेला वरच्या वर्षाचा विद्यार्थी खालच्यांना उत्तम शिकवतो, आणि शिकवताना स्वतःचे हात ताजे ठेवतो. अतिदक्षता विभागातल्या अनुभवी सिस्टर तर बहुतेक डॉक्टरांपेक्षा हे काम चांगले जाणतात. त्यांना शिक्षक म्हणून मान आणि वेळ द्या. त्याने आणखी एक प्रश्न हलका होईल. आपण डॉक्टरांना वेगळे शिकवतो, सिस्टरना वेगळे, आणि अपेक्षा धरतो की रात्री तीन वाजता ते एका पलंगाभोवती जमल्यावर एका टीमसारखे वागतील. तसे होत नाही. इंटर्न छाती उथळ दाबतो आहे हे सिस्टरला दिसते, पण ती बोलत नाही. वरिष्ठ नाडी बघत वीस सेकंद थांबले आहेत हे इंटर्नला दिसते, पण 'सर, दहा सेकंद झाले' हे चार शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. हे शब्द सरावात मोठ्याने म्हणून घ्यावे लागतात, आणि ते ऐकल्यावर 'बरोबर, दाबा' म्हणण्याचा सराव वरिष्ठांनाही करावा लागतो. टीमचा प्रमुख पलंगाच्या पायथ्याशी उभा, त्याचे हात मोकळे, औषध सांगताना नाव घेऊन सांगायचे आणि दिल्यावर समोरच्याने 'अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम दिले' असे उलट सांगायचे, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. हे एकत्र केल्याशिवाय अंगात मुरत नाही.

वेळेबद्दल मी फार बोलत नाही. तीन महिन्यांतून पंधरा मिनिटे ज्या वेळापत्रकात बसत नाहीत, त्या वेळापत्रकाचाच पुन्हा विचार व्हायला हवा.

सामानाची ओळख हाही या प्रशिक्षणाचा भाग धरा. दर आठवड्याला एका इंटर्नने आपल्या वॉर्डातली क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या सामानाची गाडी, स्वतः उघडावी. ट्यूब टाकताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, मास्क योग्य मापाचे आहेत का, गादीखाली घालायची फळी कुठे आहे, शॉक देणारे मशीन, म्हणजे डिफिब्रिलेटर, चार्ज आहे का. मशीन सिंक मोडवर, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची वाट बघून शॉक देण्याच्या सेटिंगवर, राहिले असेल, तर फिब्रिलेशनमध्ये बटण दाबूनही शॉक सुटत नाही, हे ज्याने एकदा हाताने करून पाहिले तो ते विसरत नाही.

एक गोष्ट अरेस्टच्या आधीची. मायामीतल्या एका रुग्णालयात वॉर्डात अरेस्ट झालेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातल्या ८४ टक्के रुग्णांमध्ये आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडत असल्याची चिन्हे सापडली. तो अहवाल १९९० चा आहे. तेव्हा उत्तम पुनरुज्जीवन म्हणजे ते करण्याची वेळच न येऊ देणे, आणि तेही तरुण डॉक्टरच्याच हातात आहे. श्वासाचा वेग हे त्यातले सगळ्यांत लवकर बदलणारे चिन्ह, आणि वॉर्डातल्या नोंदींत सगळ्यांत दुर्लक्षित. पलंगामागून पलंग, प्रत्येक पेशंटचा श्वास वीस लिहिलेला सापडतो. घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट श्वास मोजायला शिकवा, आणि तो तीसवर गेला तर रात्री कुणाला उठवायचे, हे लिहून द्या. उठवल्याबद्दल कुणी रागावणार नाही, याची हमीही द्या. ती तुम्हीच देऊ शकता.

लहान मुले आणि नवजात बाळे यांच्याबद्दल थोडक्यात. तिथे बहुतेक वेळा आधी श्वास थांबतो आणि मग हृदय. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात मास्कने नीट श्वास मिळणे, हेच बहुतांशी सगळे काही असते. प्रसूतिकक्षात जाणाऱ्या प्रत्येक इंटर्नला तिथे पाऊल ठेवण्याआधी बाळाच्या चेहऱ्यावर मास्क घट्ट बसवता यायला हवा. छाती वर येताना दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर बॅग कितीही दाबली तरी उपयोग नाही.

आणि सगळे बरोबर करूनही बहुतेक वेळा पेशंट वाचत नाही, हे या मुलांना कधीतरी नीट सांगा. पहिल्या अरेस्टनंतर बहुतेक तरुण डॉक्टर थेट पुढच्या पलंगाकडे जातात. नातेवाइकांना काय सांगायचे ते त्यांना कुणी शिकवलेले नसते. आपण काय चुकलो याचा विचार ते एकट्याने करतात, आणि काही जण पुढच्या वेळी बिचकून मागे राहतात. अरेस्टनंतर तिथेच पाच मिनिटे सगळ्यांनी थांबावे, काय चांगले झाले, काय पुढच्या वेळी वेगळे करू, एवढे बोलावे, आणि वरिष्ठाने त्या मुलाला नावाने विचारावे, 'तू ठीक आहेस ना?' याला पैसे लागत नाहीत. कुणाला पुनरुज्जीवन करू नये हा निर्णय वेळेत घेऊन लिहून ठेवणे, हेही वरिष्ठांचे काम. ते मध्यरात्री इंटर्नवर ढकलू नका.

हे सगळे फार मोठे वाटत असेल तर डेन्मार्ककडे बघा. तिथे २००५ पासून शाळांत सीपीआर शिकवणे सक्तीचे झाले आणि पुढे वाहनपरवान्यासाठीही ते आवश्यक केले गेले. २००१ ते २०१० या काळात, रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या माणसाला आसपासच्या कुणीतरी छातीदाब देण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेले, आणि तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर. उपचारांतल्या इतरही सुधारणा त्याच वर्षांत झाल्या, त्यामुळे सगळे श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही. पण एका देशाने शाळकरी मुलांचे हात तयार करायचे मनावर घेतले आणि ते करून दाखवले. एका महाविद्यालयातल्या शेकडो विद्यार्थ्यांचे हात तयार करणे त्याहून कठीण नक्कीच नाही.

नवे शैक्षणिक वर्ष आखताना मला आपल्याकडून एवढे हवे आहे. इंटर्नशिपचा आणि निवासी पदाचा पहिला आठवडा वॉर्डाऐवजी पुतळ्यांच्या खोलीतून सुरू करा. खोली, दाब सुटण्याची क्रिया, वेग, खंड आणि श्वास यांच्या मर्यादा लिहून ठरवा, आणि त्या गाठलेल्यांचीच नावे रात्रपाळीच्या तक्त्यात घाला. लेखी प्रश्नाचे गुण या कौशल्याच्या गुणांत मिळवू नका. प्रात्यक्षिक वेगळे आणि अनिवार्य ठेवा. तिमाही सरावाची जबाबदारी नाव ठरवून एकाच माणसावर टाका, समितीवर नको. ती खोली रात्रीही उघडी ठेवा आणि किल्ली जवळच्या वॉर्डात सिस्टरकडे राहू द्या, म्हणजे पाळीच्या मधल्या वेळेत कुणालाही जाऊन पंधरा मिनिटे दाबून येता येईल.

पहिल्या मोजणीचे आकडे वाईट येतील. ते लपवू नका आणि त्यावरून कुणाला शिक्षाही करू नका. शिक्षेची भीती बसली की पुढच्या मोजणीला मुले यायची टाळतील. प्राध्यापकांनी आधी स्वतः त्या पुतळ्यावर बसावे आणि आपले आकडे विद्यार्थ्यांसमोर लावावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ज्या महाविद्यालयाला हे सुरू करायचे आहे, त्याला तपासणीचा तक्ता, पंधरा मिनिटांच्या सत्राचा आराखडा आणि वरच्या वर्षातले शिक्षक-विद्यार्थी तयार करण्याचा कार्यक्रम मी विनामूल्य देईन, आणि पहिल्या तुकडीसाठी स्वतः येऊन शिकवीन. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक भूलतज्ज्ञ आणि शिक्षिका